बायोडेटा, वाढदिवस आणि मोबाइल नंबर

२८ जुलै २०१८ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ‘ट्राय’चे, तेव्हाचे अध्यक्ष राम सेवक शर्मा यांनी ट्विटरवर स्वतःचा बारा आकडी आधार क्रमांक जाहीर केला. या क्रमांकाच्या आधारे माझं काय नुकसान करता येतं ते दाखवाच, असं आव्हानही त्यांनी सोबत दिलं. शर्मा या विषयात नवखे नव्हते. आधार योजना राबवणाऱ्या प्राधिकरणाचे ते पहिले महासंचालक. काही तासांतच त्यांचा मोबाइल नंबर, जन्मतारीख, पॅन क्रमांक, पत्ता आणि व्हॉट्सॲपवरचा फोटो लोकांनी शोधून काढून ट्विटरवर मांडला. कुणीतरी त्यांच्या खात्यात एक रुपयाही जमा केला.

आधार प्राधिकरणाने लगेच खुलासा केला, की यातलं काहीही आधारच्या साठ्यातून बाहेर गेलेलं नाही. ही माहिती इंटरनेटवर आधीपासूनच उपलब्ध होती. आपलं काही नुकसान झालेलं नाही, हे शर्मांनीही शेवटपर्यंत सांगितलं. दोघांचंही म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं तरी सर्वसामान्य माणसाने काळजी करावी असं बरंच त्या खुलाशातच आहे. कोणताही साठा फोडावा लागला नाही. निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या कारणांनी, निरनिराळ्या ठिकाणी पोहोचलेली माहिती काही लोकांनी बसून एकत्र केली, एवढंच घडलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत प्राधिकरणालाच लोकांना सांगावं लागलं, की आपला आधार क्रमांक समाजमाध्यमांवर जाहीर करू नका.

खासगी माहितीचा विषय निघाला की ‘आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय’ असं बरेच जण विचारतात. प्रश्न प्रामाणिक असतो, पण तो एकेका माहितीपुरता असतो. जन्मतारीख कळली तर काय बिघडलं? गाव कळलं तर? मुलगी कुठे नोकरी करते ते कळलं तर? सुटी पाहिली तर यातली एकही गोष्ट धोक्याची नाही. धोका ती जोडण्यात असतो. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली अमेरिकेच्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवून दिलं, की टपालाचा पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख या तीनच गोष्टी हाती असल्या तर तिथली ८७ टक्के माणसं बहुधा एकेकटी ओळखता येतात. या तिन्हींमध्ये नाव नाही, फोन नाही, फोटोही नाही.

मराठी घरांत तर हे सगळे तुकडे एकाच कागदावर, व्यवस्थित रकाने पाडून, आपणहून दिले जातात. तो कागद म्हणजे लग्नाचा बायोडेटा.

वर ‘श्री गणेशाय नमः’. खाली मुलाचं किंवा मुलीचं पूर्ण नाव. मराठी पद्धतीप्रमाणे वडिलांचं नाव त्यातच आलेलं असतं. मग जन्मतारीख, मिनिटापर्यंतची जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, रक्तगट, उंची. नोकरी कुठे, हुद्दा कोणता, वार्षिक उत्पन्न किती. वडील कुठून निवृत्त झाले. आईचं नाव. भाऊ काय करतो, बहीण कुठे दिली. ‘मामा’ या रकान्यात मामांचं आडनाव आणि गाव. शेती किती, पुण्यात फ्लॅट आहे का. शेवटी फ्लॅट क्रमांकासकट पत्ता, दोन मोबाइल नंबर आणि उभा फोटो.

हाच कागद आता फसवणूक करणाऱ्याच्या नजरेने वाचून पाहावा. मामांचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. पासवर्ड विसरल्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतलं हे वर्षानुवर्षांचं आवडतं उत्तर. वडील नुकतेच निवृत्त झाले असतील, तर ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम बँकेत आलेली असणार. आणि फोन करायला नंबर तर दिलेलाच आहे. ‘काका, नमस्कार. तुमची मुलगी हिंजवडीत अमुक कंपनीत आहे ना? तिच्या नावाने एक पार्सल पकडलं गेलंय,’ अशी सुरुवात झाली, की समोरचा माणूस निम्मा तरी विश्वास ठेवतो. अनोळखी आवाजाला खात्रीचं वजन येतं ते अशा दोन खऱ्या तपशिलांमुळे.

पूर्वीही असे कागद फिरत. पण ते मावशीच्या पिशवीतून, विवाह मंडळाच्या फायलीतून, मोजक्या हातांत जात. आता त्याच कागदाची पीडीएफ होते आणि शेकडो सभासद असलेल्या वधू-वर व्हॉट्सॲप ग्रुपांवर पडते. ग्रुपमध्ये शिरण्याची लिंक उघड फिरत असते. सभासदांत कोण खरंच स्थळ शोधतंय आणि कोण नुसतं गोळा करतंय, हे ग्रुप चालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. लग्न होऊन मूल झालं तरी स्थळाचे फोन येत राहतात, हा कित्येक घरांचा अनुभव आहे, कारण तो कागद परत बोलावण्याची सोयच नाही.

स्थळं पाहणं बंद करा, असं सांगण्यात अर्थ नाही. कागद मात्र दोन करावेत. पहिला ग्रुपवर टाकण्यासाठी: नाव-आडनाव, जन्माचं फक्त वर्ष, शिक्षण, कामाचं क्षेत्र, राहण्याचं शहर, अपेक्षा. दुसरा सविस्तर कागद, जन्मवेळ, मामाकुळ आणि फोटोंसकट, फोनवर बोलणं झाल्यावर त्या एकाच कुटुंबाला पाठवावा. पत्रिका जुळवायची तर ती त्यांनाच जुळवायची असते. त्या फाइलच्या आत कोपऱ्यात कोणासाठी पाठवली ते लिहून ठेवलं, तर पुढे ती भलतीकडे दिसल्यावर कुठून गेली ते तरी कळतं. संपर्कासाठी घरातला असा नंबर द्यावा, जो कोणत्याही बँक खात्याला किंवा यूपीआयला जोडलेला नाही. लग्नकार्यापुरतं वेगळं सिम कार्ड घेणं हा खर्च अगदी किरकोळ आहे. विवाह मंडळाने ओळखपत्र मागितलं तर ‘मास्क्ड आधार’ द्यावं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घेता येतं. साखरपुडा झाला, की ज्या ज्या ग्रुपवर कागद टाकला होता तिथे तो काढून टाकण्याची विनंती करावी आणि विवाह संकेतस्थळावरची नोंद नुसती लपवून न ठेवता पूर्ण पुसावी.

या सगळ्या तुकड्यांना ओवणारा धागा म्हणजे मोबाइल नंबर. नावं सारखी असतात, फोटो बदलतात, नंबर मात्र माणसं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं तोच ठेवतात आणि बँकेपासून दूधवाल्यापर्यंत सगळीकडे तोच देतात. एप्रिल २०२१ मध्ये १०६ देशांतल्या ५३ कोटींहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांची माहिती इंटरनेटवर फुकट उपलब्ध झाली. तिच्यात सुमारे ६० लाख भारतीय होते. नावं, नंबर, गाव, काहींच्या जन्मतारखा असं सगळं. फेसबुकच्या म्हणण्यानुसार ही माहिती २०१९ मध्ये, फोनबुकातल्या नंबरांवरून ओळखीचे लोक शोधून देणाऱ्या सोयीचा गैरफायदा घेऊन गोळा केली गेली होती. लाखो नंबर एकामागून एक विचारत जायचे आणि कोणता नंबर कोणाचा ते टिपून घ्यायचं, अशी ती साधी युक्ती. म्हणून फेसबुकच्या सेटिंगमध्ये ‘फोन नंबरवरून तुम्हाला कोण शोधू शकतं’ हा पर्याय आधी गाठावा आणि तिथे ‘ओन्ली मी’ निवडावं.

त्याच बैठकीत आणखी दोन-तीन कामं उरकता येतात. फेसबुकवर मित्रयादी कोणाला दिसते ते पाहावं. ही यादी लपवण्याचं कारण अनेकांना ठाऊक नसतं: आपल्या नावाने आणि फोटोने खोटं खातं काढणारा माणूस पैसे मागायला याच यादीतल्या लोकांकडे जातो. यादीच दिसली नाही तर त्याच्या हाती नुसता फोटो उरतो. जन्मतारखेतला दिवस आणि वर्ष वेगवेगळे ठेवता येतात. शुभेच्छा हव्या असतील तर दिवस दिसू द्यावा, वर्ष झाकावं. (आणि मित्राला पन्नाशीच्या शुभेच्छा जाहीर भिंतीवर देताना आपण त्याचं जन्मवर्ष सांगतो आहोत, हेही ध्यानात असू द्यावं.) ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ या पर्यायाने दहा वर्षांपूर्वी सर्वांसाठी खुल्या टाकलेल्या पोस्ट एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. मग ‘व्ह्यू ॲज’ वापरून अनोळखी माणसाला आपलं पान कसं दिसतं ते पाहावं. उरलेलं काय काय उघडं आहे ते तिथे कळतं.

आपल्याबद्दल कंपनीकडे किती साठलंय, हेही एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं असतं. ऑस्ट्रियातल्या मॅक्स श्रेम्स या कायद्याच्या विद्यार्थ्याने २०११ मध्ये फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली, तेव्हा त्याच्या हाती १,२०० हून अधिक पानांची फाइल पडली. आपण पुसून टाकल्या असं समजत असलेल्या गोष्टीही तिच्यात होत्या. आज फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गुगल यांच्या सेटिंगमधून अशी प्रत कोणालाही मागवता येते. ती वाचायला एखादा रविवार द्यावा. शोधलेली नावं, जोडलेली ॲप, जाहिरातींसाठी ठरवलेल्या आवडीनिवडी हे सगळं एका जागी पाहिल्यावर सेटिंग बदलण्याचा आळस आपोआप जातो.

नंबर हाच धागा असल्याने तो दुसऱ्याच्या हाती गेला तर काय होतं, हे खुद्द ट्विटरच्या तेव्हाच्या प्रमुखाने अनुभवलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जॅक डॉर्सी यांचा मोबाइल नंबर चोरांनी मोबाइल कंपनीकडून दुसऱ्या सिमवर वळवून घेतला आणि त्यांच्याच खात्यावरून शिवीगाळ करणारे मजकूर टाकले. त्यामुळे खात्याची सुरक्षा फक्त एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीवर सोडू नये. व्हॉट्सॲपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करून सहा आकडी पिन ठेवावा, तोही जन्मतारखेचा नसावा. मग कोणी नंबर पळवला किंवा गोड बोलून ओटीपी काढून घेतला, तरी पिनवर त्याचं घोडं अडतं. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये आपलं व्हॉट्सॲप आणखी कोणत्या संगणकावर उघडं आहे ते दिसतं, सायबर कॅफेत किंवा ऑफिसात एकदा स्कॅन केलेला क्यूआर कोड तिथे अजून जिवंत असू शकतो. इतर खात्यांसाठी एसएमएसऐवजी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरावं. आपल्या नावावर किती सिम कार्डं चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येतं आणि अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार करता येते.

फोटोंचं थोडं वेगळं आहे. फोटोत दिसतं त्यापेक्षा जास्त फाइलमध्ये असतं. डिसेंबर २०१२ मध्ये अँटिव्हायरस सॉफ्टवेअरमुळे प्रसिद्ध झालेले जॉन मॅकॅफी पोलिसांना चुकवत फिरत होते. त्यांच्यासोबत असलेल्या एका मासिकाच्या पत्रकारांनी त्यांचा फोटो प्रसिद्ध केला आणि तो आयफोनवर काढलेला असल्याने फाइलमधल्या नोंदीतून ते ग्वाटेमालात नेमके कुठे आहेत ते जगजाहीर झालं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘लोकेशन’ बंद ठेवणं हा यावरचा सोपा उपाय. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही नोंद निघून जाते. पण दर्जा टिकावा म्हणून तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला, तर ती सोबत जाते. धावण्या-सायकलिंगच्या ॲपांनाही हेच लागू. ‘स्ट्राव्हा’ने जगभरातल्या धावपटूंच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की त्यात अमेरिकी सैन्याचे तळही उजळून दिसतायत. सैनिकांचा तळ कळतो तिथे सकाळी सहाला दारातून निघणाऱ्या माणसाचं घर कळणं सोपं आहे. अशा ॲपमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा लपवण्याची सोय असते, ती वापरावी.

मुलांच्या बाबतीत मात्र मोठ्यांनी जास्त कडक असायला हवं, कारण निर्णय त्यांचा नसतो. शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो: गणवेशावर शाळेचा बिल्ला, गळ्यात नाव-इयत्तेचं कार्ड, मागे फाटक, वर लिहिलेली वेळ. दहावीच्या निकालाला नाव, शाळा, गाव, टक्के आणि वडिलांचा नंबर असलेलं अभिनंदनाचं पोस्टर. कौतुक करावंच, पण बिल्ला आणि कार्ड झाकून, आणि घरच्या ग्रुपपुरतं. नातवंडांचे फोटो जाहीर टाकू नका हे आजी-आजोबांना सांगताना सूनबाईंवर वाईटपणा येऊ नये म्हणून हे काम मुलाने करावं.

आणि दुसऱ्यांच्या माहितीचं काय? फेसबुकवरच्या एका व्यक्तिमत्त्व चाचणीतून लोकांची माहिती एका राजकीय सल्लागार कंपनीकडे गेल्याचं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण मार्च २०१८ मध्ये उघड झालं, तेव्हा फेसबुकने भारताचे जे आकडे दिले ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. व्यक्तिमत्त्व चाचणीचं ते ॲप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. त्यांच्या मित्रयाद्यांमधून पोहोच गेली ५,६२,४५५ जणांपर्यंत. म्हणजे पाच लाख साठ हजारांहून अधिक लोकांनी काहीही केलेलं नव्हतं. त्यांच्या एखाद्या मित्राने चाचणी दिली होती. फेसबुकने ती वाट प्रकरण उघड होण्याआधीच बंद केली होती, पण संपूर्ण फोनबुकाची परवानगी मागणारी ॲप आजही आहेत. ‘तुमचा नंबर लोकांनी कोणत्या नावाने सेव्ह केलाय ते पाहा’ असली गंमत हवी म्हणून सगळे संपर्क देऊन टाकणं, हा त्या सगळ्या माणसांवर अन्याय आहे. त्यात एखादी नवऱ्यापासून लपून राहणारी बाईही असू शकते. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपला ‘कॉन्टॅक्ट्स’ दिले आहेत ती यादी पाहून नको ती परवानगी काढून घ्यावी. फेसबुक किंवा गुगलच्या खात्याने ज्या जुन्या खेळांत आणि चाचण्यांत प्रवेश केला होता, तीही जोडणी तोडावी.

इतकं करूनही आपला चेहरा कुणी पळवणार नाही, याची हमी नाही. १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुली बाई’ नावाच्या ॲपवर अनेक मुस्लिम स्त्रियांचे समाजमाध्यमांवरून उचललेले फोटो ‘लिलावा’साठी म्हणून मांडले गेले. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. त्यांचा दोष काहीही नव्हता. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने गुन्हा नोंदवून बंगळूरु आणि उत्तराखंडातून तरुणांना अटक केली. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा चेहरा आणि आवाज वापरून एका गेमिंग ॲपची खोटी जाहिरात फिरली. त्याने स्वतः एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, ती खोटी असल्याचं सांगितलं, तक्रार झाली, गुन्हा दाखल झाला. अशा वेळी फोटो टाकणाऱ्या बाईलाच ‘कशाला टाकलास’ विचारणं घरच्यांनी ठामपणे टाळावं. त्या एका प्रश्नामुळे तक्रार करायला उशीर होतो.

तक्रारीचा क्रम असा ठेवावा. आधी खोट्या खात्याचा किंवा पोस्टचा स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात पानाचा पूर्ण पत्ता आणि वेळ यावी; पोस्ट नंतर काढली गेली तर पुरावा हाच. मग त्या माध्यमाकडे ‘रिपोर्ट’ करावं आणि मित्रांनाही ते खातं रिपोर्ट करायला सांगावं. तोतया खातं, खासगी अवयव दाखवणारं किंवा बनावट चित्र असेल, तर पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केल्यापासून माध्यमांनी ते हटवण्यासाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तेव्हा २४ तासांची मुदत घालून दिली होती; तक्रारीत या नियमांचा उल्लेख जरूर करावा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण लवकर कळलं तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येते. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते. स्त्रिया आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांत नाव न देताही. दुसऱ्याची ओळख चोरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क, आणि तोतयेगिरी करून फसवणं हा ६६ड खाली गुन्हा आहे. इंग्रजी अर्जात ही कलमं ‘सी’ आणि ‘डी’ म्हणून लिहितात. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. खासगी क्षणांचे फोटो पसरवण्याची धमकी मिळत असेल, तर ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवेचा उपयोग होतो. फोटो आपल्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त आकडी ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्या ठशाशी जुळणारं चित्र त्या रोखतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची तशीच सेवा आहे.

कायद्याकडून किती अपेक्षा ठेवायची? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून मागण्याच्या हक्कांसारख्या मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कंपन्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण याच कायद्याचं तिसरं कलम प्रत्येकाने वाचायला हवं. जी माहिती माणसाने स्वतःहून जाहीर केली, तिला हा कायदा लागू नाही. कायद्यातच उदाहरण म्हणून समाजमाध्यमावर उघडपणे स्वतःची माहिती देणारी व्यक्ती घेतली आहे. घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी कुणी माहिती वापरली, तर तीही कायद्याबाहेर. ग्रुपवर पडलेला बायोडेटा आणि जाहीर भिंतीवरची जन्मतारीख या दोन्हींबाबत कायद्याच्या भरवशावर राहता येणार नाही.

एक काम लोक टाळतात, तेही सांगायला हवं: आपल्यामागे आपल्या खात्यांचं काय होणार. गेलेल्या माणसाचं उघडं राहिलेलं खातं तोतयांच्या सोयीचं असतं, आणि दर वर्षी ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या’ अशी सूचना घरच्यांना यातना देते. फेसबुकच्या सेटिंगमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ म्हणून विश्वासातल्या एका प्रौढ व्यक्तीचं नाव देऊन ठेवता येतं किंवा मृत्यूनंतर खातं पुसलं जावं, असा पर्याय निवडता येतो. गुगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. किती महिने खातं वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं, हे तिथे आधीच ठरवून ठेवता येतं. ही मुदत तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत असते. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे करून द्यायला अर्धा तास पुरतो, आणि तेव्हाच त्यांच्या व्हॉट्सॲपचा पिनही बसवून घ्यावा.